कालप्रवासाची कथा लिहिताय? आधी मागे राहिलेल्या जगाचा हिशेब मांडा

दिवाळी अंकासाठी येणाऱ्या कथांमध्ये कालप्रवासाच्या चार-सहा दरवर्षी असतातच. विद्यापीठातली प्रयोगशाळा, निळसर प्रकाश, विस्कटलेल्या केसांचे प्राध्यापक, आणि मग नायक धाडकन शनिवारवाड्यासमोर. यंत्राला दोन पानं मिळतात. नायकाने भूतकाळात ढवळाढवळ केल्यावर त्याच्या मूळ जगाचं काय झालं, याला दोन ओळीही मिळत नाहीत, आणि कथा नेमकी तिथे फसते. यंत्र तुम्हाला हवं तसं बनवा. वाड्याचा मागचा जिना चढला की १९६१ साल लागतं असं लिहिलंत तरी वाचक कुरकुर करणार नाही. तो कुरकुर करतो ती नियम मधेच बदलल्यावर.

पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी एकच कथाबीज घेते आणि शेवटपर्यंत तेच चालवते.

मृणाल आजच्या पुण्यातली. तिची आजी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढलेली. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं, मग ब्रिटिश काळातलं तेही धरण गेलं आणि मुठेच्या लोंढ्यात नदीकाठच्या पेठा बुडाल्या. इथवर इतिहास. आता कथा: आजीचा वाडा पडला, धाकटा भाऊ बापू वाहून गेला. पुढे कुटुंबाला गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत घर मिळालं, आणि तिथल्याच शेजारच्या मुलाशी आजीचं लग्न जमलं. मृणालला ११ जुलैच्या संध्याकाळी पोहोचायची संधी मिळते. तिला बापूला वाचवायचंय.

पायरी पहिली: काळाचा नियम ठरवा, आणि तो कागदावर लिहा

डोक्यात ठरवलेला नियम सातव्या पानावर हळूच वाकतो, म्हणून कागदावर. नियम मुळात तीनच आहेत, बाकी सगळे त्यांचे पोटप्रकार.

एक: काळाची रेषा एकच, आणि ती बदलत नाही. मृणाल मागे गेली, तिने काहीही केलं, तरी ते सगळं आधीच घडून गेलेलं आहे. ती बापूला बजावते, ‘उद्या नदीकडे फिरकू नकोस.’ दुसऱ्या दिवशी पाणी चढायला लागतं आणि सुखरूप बाहेर पडलेला बापू ‘कालची ती ताई कुठे राहिली’ म्हणून तिला शोधायला परत वाड्यात शिरतो. त्याच्या जाण्याचं कारण मृणालच. हा नियम आपल्याला नवा नाही. देवकीचा आठवा मुलगा आपला काळ ठरणार हे टाळायला कंसाने जे जे केलं, त्यातूनच त्याचा शेवट जवळ आला. रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळपास हीच गोष्ट गणिताच्या भाषेत मांडली: भूतकाळात जाता आलंच, तर तिथे तेवढंच घडू शकेल जे आधीच्या घटनांशी जुळतं. या नियमाची कथा बांधायला कष्टाची असते, पण नीट बांधली तर कुठूनही गळत नाही.

दोन: रेषा एकच, पण बदलता येणारी. मृणालने बापूला वाचवलं की तिच्या घरातल्या भिंतीवरचा हार घातलेला फोटो नाहीसा होतो. दिसायला हे सर्वांत सोपं, आणि नवखे लेखक सर्वांत जास्त याच नियमात अडकतात. इथे ‘आजोबांचा पेच’ येतो: मागे जाऊन कुणी आपल्याच आजोबांना मारलं, तर तो जन्मलाच कसा? समजा तिने पूरच टळवला. मग गोखलेनगरचं घर नाही, शेजारचा मुलगा नाही, लग्न नाही, मृणालची आई नाही, मृणाल नाही. मग पूर टळवायला गेलं कोण? हा पेच सगळ्यांना माहीत असतो, म्हणून लेखक चलाखी करतात: पूर येऊ देतात, फक्त बापूला वाचवतात. लग्न शाबूत, मृणाल शाबूत. पण बापू मेलाच नसेल, म्हातारपणी रोज संध्याकाळी येऊन आजीशी रमीचा डाव मांडत असेल, तर मृणाल मागे जायला निघालीच का? जन्माचा पेच सुटला तरी हेतूचा पेच राहतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ कथांत तो तसाच उघडा पडलेला असतो.

तीन: फाटे. मृणाल १९६१ मध्ये पाऊल टाकते त्या क्षणी काळाला फाटा फुटतो. सिंहगड रस्त्याने जाताना तुम्ही नांदेड फाट्याला वळलात, म्हणून सरळ जाणारा रस्ता काही पुसला जात नाही. त्यावर वाहनं धावतच राहतात, फक्त तुम्ही त्यावर नसता. तसंच हे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये क्वांटम सिद्धांताचा अर्थ लावताना अनेक विश्वांची कल्पना मांडली, आणि १९९१ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी ती कालप्रवासाला लावून दाखवली: भूतकाळात गेलेला माणूस दुसऱ्याच विश्वाच्या भूतकाळात उतरतो, त्यामुळे आजोबांचा पेच पडतच नाही. एक लक्षात ठेवा. एव्हरेट यांच्या मांडणीत एका फाट्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची सोय नाही. ती सोय कथालेखकांनी करून घेतलेली आहे. तुम्हीही घ्या, पण पात्राच्या तोंडी ‘विज्ञानाने हे सिद्ध केलं आहे’ घालू नका.

फक्त भविष्यात जायचं असेल तर हे तिन्ही नियम बाजूला ठेवा, तिथे पेचच नसतात. मुलगी रेवतीला घेऊन ब्रह्मदेवाकडे तिच्यासाठी स्थळ विचारायला गेलेला ककुद्मी राजा परत येईपर्यंत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली होती, असं भागवतात आहे. रेवतीचं लग्न मग बलरामाशी झालं. काळ सगळीकडे सारख्या गतीने धावत नाही हे तर रोजच्या वापरातलं सत्य आहे. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि तेवढी दुरुस्ती केल्याशिवाय तुमच्या फोनवरचा नकाशा नीट चालणार नाही.

पायरी दुसरी: प्रवास उभा की आडवा

मृणालला तिसरा नियम लावला, तर तिचा प्रवास उभा आहे: ती मागे जाते आणि तिच्या जाण्यानेच फाटा फुटतो. आडव्या प्रवासात फाटा खूप आधी, प्रवाशाचा काही संबंध नसताना फुटलेला असतो. प्रवासी त्याच तारखेला या रस्त्यावरून त्या रस्त्यावर जातो. याचा मराठीतला वस्तुपाठ म्हणजे जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली आणि मराठी फौजेचा धीर खचला, हा आपल्या जगातला इतिहास. गंगाधरपंत ज्या जगात जाऊन पडतात तिथे ती गोळी कानाला चाटून गेलेली असते आणि पुढचं सगळं वेगळं. कथेत यंत्र नाही, ट्रकची धडक पुरते. पुरावा म्हणून एका बखरीचं फाटलेलं पान पुरतं. आणि माझ्या मते कथेतली सर्वांत बोचरी जागा लढाईची नाहीच. गंगाधरपंत मुंबईत मुलाच्या कचेरीत जाऊन त्याचं नाव विचारतात आणि तिथे त्या नावाचं कुणीच नसतं, ती आहे.

पायरी तिसरी: फाटा अरुंद ठेवा

‘इंग्रज भारतात आलेच नसते तर’ हा फाटा फार रुंद आहे. त्यात कुठूनही कुठेही जाता येतं, म्हणून कुठेच पोहोचता येत नाही. एक माणूस, एक तास, एक निर्णय शोधा. पुण्यात त्याची वाण नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हुकूम धरण्याचा होता आणि आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला, ही त्यामागची आख्यायिका. इतिहास म्हणून ती छातीठोकपणे सांगू नका, पण कथेचा फाटा म्हणून बिनधास्त घ्या. अक्षर बदललं नाही, नारायणराव कैदेत पडले पण जगले. आता कड्या जोडा: बारभाईंचं कारस्थान उभं राहत नाही, राघोबादादा पळून इंग्रजांकडे जात नाहीत, १७७५ चा सुरतेचा तह होत नाही, आणि त्यातून पेटलेलं पहिलं इंग्रज-मराठा युद्ध निदान त्या वेळी, त्या कारणाने पेटत नाही. तीन कड्या ठसठशीत लिहिल्या की थांबा. चौथ्या कडीला ‘म्हणून आज आपल्याकडे मंगळावर वसाहत असती’ आलं, की वाचक मिश्कील हसून पान उलटतो.

मृणालच्या कथेत फाटा कुठे? धरणाच्या भिंतीवर नको. ११ जुलैच्या रात्री तिथे लष्कराचे जवान वाळूची पोती रचून बांध सावरायची शिकस्त करत होते. त्यांना जे जमलं नाही ते एका मुलीला जमवून देऊ नका. फाटा वाड्याच्या दारात ठेवा. बापू सकाळी कुठल्या बाजूने बाहेर पडतो, डेक्कनकडे की पर्वतीकडे, एवढाच.

पायरी चौथी: मागे राहिलेल्या जगात कोण कोण आहे, ते लिहून काढा

या पायरीवर मी आग्रही आहे. फाट्यांचा नियम घेतलात की पेच सुटतात, आणि त्याची किंमत म्हणून एक नवीनच भोक पडतं. नव्या रेषेत बापू वाचला. जुन्या रेषेत तो गेलेलाच आहे. ज्या आजीच्या डोळ्यांतलं पाणी बघून मृणाल निघाली, त्या आजीचा भाऊ काही परत आलेला नाही. मृणालने एका दुसऱ्याच आजीच्या दुसऱ्याच भावाला वाचवलंय. वर, या आजीची नात आता बेपत्ता आहे.

नवखा लेखक इथे डोळे मिटतो आणि शेवटी ‘सगळं नीट झालं’ असं लिहून मोकळा होतो. डोळे उघडे ठेवलेत तर खरी कथा इथेच सापडते. कागदाच्या डाव्या बाजूला जुनी रेषा आखा आणि उरलेल्यांची नावं घाला. आजी ऐंशीच्या घरात, मृणालच्या फोनची वाट बघतेय. आई पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेलीय. ‘शेवटचं कुठे पाहिलं?’ या प्रश्नाला ती काय सांगणार? भिंतीवर बापूचा फोटो तसाच. मग उजव्या बाजूला नवी रेषा, आणि तिथलं १९६१ नंतरचं सगळं.

उजवीकडे एक गोष्ट हमखास निसटते. फाटा फुटल्यानंतर गर्भात आलेलं कुठलंही मूल त्याच रूपात पुन्हा येईल याची खात्री नाही. एक रात्र मागेपुढे झाली तरी दुसरंच मूल. नव्या रेषेत आजीचं लग्न त्याच मुलाशी झालं, पहिली मुलगीच झाली, तिचं नावही तेच ठेवलं, तरी ती मृणालची आई नाही. म्हणजे मृणाल नव्या रेषेच्या ‘आज’मध्ये पोहोचली, तर आजीच्या घरी म्हातारा, खणखणीत आवाजाचा बापूमामा असेल, दोन-तीन नातवंडं असतील, आणि मृणाल तिथे परकी असेल. आजी दार उघडून विचारेल, ‘कोण हवंय?’

आता ठरवा: तिला हे आधीपासून माहीत आहे का? माहीत असून ती गेली, तर ती त्यागाची कथा. माहीत नव्हतं आणि तिथे पोहोचल्यावर कळलं, तर पश्चात्तापाची. माहीत होतं पण आजीला खोटं सांगून गेली, ‘भावाला घेऊन येते’ म्हणाली, तर ही तिसरीच कथा झाली, आणि मला विचाराल तर तिघींतली ही सर्वांत चांगली.

पायरी पाचवी: परतीची वाट आणि घड्याळ

परत येता येतं का, आणि आलं तर कुठल्या रेषेवर? दोन्ही उत्तरं चालतील, एकच निवडा. तिथे एक दिवस घालवला तर इथे किती जातो हेही ठरवा. गंगाधरपंतांचे इथले दिवस कोरेच राहतात, घरच्यांना त्यांचा ठावठिकाणा सांगता येत नाही, आणि त्या रिकाम्या दिवसांमुळेच वाचकाचा विश्वास बसतो. ‘परत आली तेव्हा चहा अजून गरम होता’ ही युक्ती मात्र आता झिजली आहे.

पायरी सहावी: १९६१ चं पुणं जमिनीवरून दाखवा

रेषा आखून झाल्या की त्यांत माती भरावी लागते. मृणाल डेक्कनवर उतरते. लकडी पूल आहे, झेड ब्रिज नाही. नदीपात्रातला रस्ता नाही, मेट्रोचे खांब नाहीत. बालगंधर्व रंगमंदिरही नाही, ते १९६८ चं. महाराष्ट्र राज्य जेमतेम सव्वा वर्षाचं. सायकली मात्र उदंड. फोनला रेंज नाही हे लिहायची गरज नाही, ते वाचक धरूनच चालतो. त्यापेक्षा तिला चहा प्यायला पाठवा. तिच्या पर्समधल्या नोटेवर रुपयाचं ते चिन्ह आहे जे २०१० मध्ये आलं. गल्ल्यावरचा माणूस नोट उलटीपालटी करतो, उजेडात धरतो. त्याच्या गल्ल्यात नवे पैसे आहेत, १ एप्रिल १९५७ पासून चालू झालेले, आणि तोंडात अजून आणेच आहेत. तो नोट परत सरकवतो. ‘नाटकातली दिसतेय बाई. सुटे द्या, चार आणे.’

एवढ्या एका प्रसंगात साल कळलं, शहर कळलं, आणि मृणालकडे उद्यासाठी एक पैसा नाही हेही कळलं.

मग वाडा. तिथे पहिला प्रश्न ‘तू कुठल्या काळातून आलीस?’ असा येणार नाही. पुण्यातल्या वाड्यात अनोळखी मुलगी शिरली तर प्रश्न एकच: ‘कोण गं तू? कुणाकडची?’ आणि याचं खरं उत्तर मृणालकडे आहे, पण देता येत नाही. विचारणाऱ्या बाई तिच्या पणजीबाई. त्यांना ती ‘काकू’ म्हणणार. मागे चौकात सतरा वर्षांची, परकर-पोलक्यातून नुकतीच साडीत आलेली मुलगी कळशी भरतेय, ती आजी. तिला हाक काय मारायची? ‘अगं’ म्हणताना मृणालची जीभ अडखळते ना, ते अडखळणं लिहा. काळाच्या गणितावरचा एक अख्खा परिच्छेद त्यासाठी उडवला तरी चालेल.

आणि तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? ‘उद्या धरण फुटणार’ म्हटलं की काकू म्हणतील, ‘पावसाळ्यात दरवर्षीच कुणीतरी असं म्हणतं.’ इथे पुरावा लागतो. मोबाइल दाखवणं आळशीपणाचं आहे. आजीने म्हातारपणी सांगितलेली एखादी घरगुती गोष्ट चालेल: देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात काकूंनी कुणाला न सांगता ठेवलेल्या पाटल्या. पण मग त्या पाटल्यांचं पुढे काय झालं, तेही कागदावर आलं पाहिजे.

पायरी सातवी: माहितीचा वेढा तपासा

समजा मृणालने तरुण आजीला पाटल्यांची जागा सांगितली, आणि आजीला ती एरवी कळलीच नसती. मग म्हातारपणी आजीने ती मृणालला सांगितली कुठून? माहितीला उगमच उरला नाही. पहिल्या नियमात असा वेढा चालतो, किंबहुना त्याचीच गंमत असते. तिसऱ्या नियमात प्रश्न उद्भवत नाही, कारण माहिती जुन्या रेषेतून आली. दुसऱ्या नियमात मात्र वेढा दिसला की कापा.

लिहून झाल्यावर

कथा अशा माणसाला द्या जो विज्ञानकथा वाचत नाही. वाचून झाली की त्याच्यापुढे कोरा कागद ठेवा आणि म्हणा, कोण कुठून कुठे गेलं ते रेघा मारून दाखव. मधे बोलू नका. त्याची रेघ तुमच्या कागदाशी जिथे जुळत नाही, तिथे तुमचा परिच्छेद दुरुस्त करा, त्याला समजावत बसू नका. नियम वाचकाला प्राध्यापकांच्या भाषणातून कळला असेल तर तोही प्रसंग बदला: फोटो जागचा हलला नाही, किंवा आजीने दार उघडून ओळख दाखवली नाही, एवढ्यावर कळला पाहिजे.

मग पाठवा. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेकडे नवोदितांनी जरूर बघावं. नारळीकरांनीही आपली सुरुवातीची कथा तिथेच पाठवली होती, आणि नावाचा दबाव पडू नये म्हणून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने.

अडीच-तीन हजार शब्दांत दोनच रेषा ठेवा. तिसरी सुचली, आणि सुचतेच, तर वहीत वेगळी टिपून ठेवा. ती पुढच्या वर्षीच्या अंकासाठी.